थोरली चार वाजता का रडायची

कपडे अल्टर करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गल्लीत तिला चौकशीबाई म्हणत, कारण माप घेता घेता ती गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारायची. बाही घट्ट होते म्हणजे नेमकी कधी? हात वर केल्यावर, की बसल्यावर?

तिच्या दोन्ही मुलांना एकच आजार होता, नसा हळूहळू निकामी करणारा. थोरली अकरा वर्षांची. तिचं चालणं गेलं, बोलणं गेलं, मग दिसणंही गेलं. धाकटा सात वर्षांचा. तो अजून टेकून बसायचा, तुटक बोलायचा. यावर इलाज नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि तेव्हापासून दर बुधवारी पॅलिएटिव्ह केअरची नर्स घरी यायला लागली.

पहिल्याच दिवशी चौकशीबाईने विचारलं, "बरी होणार नाहीत, तर तुम्ही काय करणार?"

"त्यांचा त्रास कमी करणार," नर्स म्हणाली. "आणि तुम्हाला एकटीला सगळं ओढू देणार नाही, ताई."

त्या उन्हाळ्यात थोरली रोज चारच्या सुमारास रडायला लागली. तोंड वेडंवाकडं करून अर्धा-अर्धा तास कण्हायची. "दुखत असेल. औषध वाढवायला सांग," नवरा म्हणाला.

नर्सने पोट, पाठ, सांधे, सगळं तपासलं. "औषधाच्या वेळेशीही हे जुळत नाही. वाढवायचं तर वाढवू, पण आधी आठवडाभर बघता का? चारला घरात काय काय होतं?"

चौकशीबाईला आणखी काय हवं होतं! मापांच्या वहीत तिने रोजची नोंद सुरू केली. एक दिवस पडदा ओढून पाहिला, एक दिवस दूध लवकर दिलं, एक दिवस कूस बदलली. थोरली रडायचीच. शनिवारी मात्र रडली नाही. त्या दिवशी घाईचं काम होतं म्हणून मशीन सहापर्यंत चालू होतं. एरवी मुलांना जरा शांतता मिळावी म्हणून ती चारला शिलाई थांबवायची.

रविवारी चारला थांबवलेलं मशीन तिने पुन्हा सुरू केलं आणि थोरलीच्या खाटेवर हात ठेवला. खाट मशीनच्या टेबलाला टेकलेली होती. बारीक थरथर तळहाताला लागली.

सोमवारी नवरा चारच्या आत कामावरून आला, तसं तिने त्याला मशीनवर बसवलं. "पेडल दाबा."

"दोरा कुठाय?"

"दोरा नको. नुसतंच चालवा."

तो पेपर वाचत रिकामं मशीन चालवत राहिला.

"बाबा, काय शिवताय?" धाकट्याने विचारलं.

"हवा!"

थोरली शांत पडून होती. औषध वाढवावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी ती गेली, घरीच, आईच्या मांडीवर. शेवटचे दोन दिवस नर्स रोज आली. धाप लागली तर काय द्यायचं, ते तिने नवऱ्यालाही शिकवलं. त्यानंतर महिनाभर चौकशीबाईने कुणाला काही विचारलं नाही. गिऱ्हाईक सांगेल ते माप मुकाट्याने लिहून घ्यायची.

मग एका बुधवारी तिने नर्सला विचारलं, "मी जवळ होते, ते तिला कळलं असेल का हो?"

"खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही," नर्स म्हणाली. "पण मला वाटतं, कळलं असेल."

चौकशीबाई धाकट्याकडे पाहत म्हणाली, "हा हल्ली जेवताना डावा डोळा मिटतो. असं का?"

"मलाही नाही माहीत."

"मग बघायला हवं," म्हणत तिने खुर्ची त्याच्यासमोर ओढली.