तळहातावरची ताटली

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्याजवळ बोलतोय — ओळखत असता तर तुम्हालाही एखादी थाप मारून मोकळा झालो असतो.

नगरला माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. साहेब लोक गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं आणि गावोगाव पसरलं. त्यातलं काही माळ्यावरून खाली आलं की लोक माझ्याकडे आणतात, खरं का खोटं विचारतात. मी सांगतो ते मानतात. का मानतात? दुसरं कोण सांगणार त्यांना?

चिनी मातीची ताटली वाजवून बघतात, आपण माठ घेताना बघतो तशीच. तीन बोटांच्या टोकांवर तोलायची, कडेला टिचकी मारायची. धड असेल तर नाद रेंगाळतो, तडा असेल तर बद्द वाजते. पण धड ताटलीही बद्द वाजवता येते — खालून अख्खा तळहात दाबून धरला की झालं. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं.

नेवाशाकडच्या सुलोचनाबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेचं नाव मनीषा, लग्न नुकतंच झालेलं. बाईंच्या सासऱ्यांनी लिलावात घेतलेली ताटली आता सुनेच्या हवाली करायची होती. त्याआधी ती खरी विलायती आहे, एवढं जाणकाराच्या तोंडून ऐकायचं होतं. विकायचा प्रश्नच नव्हता. मनीषानं ती आपल्या सुती साडीत गुंडाळून एस्टीत सगळ्या वाटेनं मांडीवर धरली होती.

पांढऱ्यावर निळं चित्र — पूल, नदी, पाणी पिणाऱ्या गाई. मागे मुकुटाचा शिक्का. अस्सल होती, कुठे ओरखडा नव्हता. आणि मला ती हवी झाली. धंद्यासाठी नव्हे — माझ्या घरात, माझ्या भिंतीवर. असा हावरटपणा माझ्यात आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तडकलेलं भांडं आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. तडा आहे म्हटलं की बाई ती इथेच सोडून जातील. मी एवढाच विचार केला. ताटली तळहातावर घेतली आणि टिचकी मारली.

बद्द वाजली.

सुलोचनाबाईंनी जन्मभर माठ वाजवून घेतलेले. त्यांना मी काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी ताटलीकडे पाहिलंच नाही, सुनेकडे पाहिलं.

"घासताना आपाटली व्हय गं?"

"न्हाई आत्या. म्या नुस्ती फडक्यानं पुसली."

हे माझ्या हिशेबात नव्हतं, खरंच नव्हतं. पण मी इथे थांबलो असतो तर कदाचित आज हे सांगत बसलो नसतो. कारण त्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, आजून एकदा वाजवा की."

तिला दुसरं काय मागायचं होतं? तळहात काढून ताटली नुसती बोटांवर घ्यायची होती मला. चूक झाली, नीट धरली नव्हती म्हणालो असतो — कुणी काही म्हटलं नसतं. तिच्या डोळ्यांत केवढी आशा होती, ती मला दिसत होती. मी तळहात आणखी घट्ट दाबला आणि पुन्हा टिचकी मारली.

पहिल्या वेळी हाव होती. दुसऱ्या वेळी काय होतं — पकडलं जायची भीती? मला नाव देता येत नाही. पण माझा गुन्हा तो दुसऱ्या टिचकीचा आहे.

बाई ताटली ठेवून गेल्या. पुढे नेवाशाच्या बाजारात भेटल्या तेव्हा मी उगाच सुनेची चौकशी केली. "तिच्या हाताला धरबंद न्हाई," म्हणाल्या. "दुधाची किटली बी देत न्हाई मी तिच्या हातात." मी मान डोलावली. होय, डोलावली.

गेल्या वर्षी मनीषा एकटीच दुकानात आली. केस पिकायला लागलेले. सासू वारली म्हणाली. ताटली हाय का, विचारलं. मी घरून आणवली. तिनं खाली वाकून कितीतरी वेळ तडा शोधला.

"मला दिसंना," ती म्हणाली. "पन आसंल. घोडेगावापाशी गाडी लई आदळली हुती. तवाच माझा हात ढिला पडला आसंल."

इतकी वर्षं ती तो खड्डा शोधत होती. आणि तिनं तो शोधलाही होता. मी तेव्हाही बोललो नाही. बोलण्याऐवजी ताटली तिच्यापुढे धरली — घेऊन जा म्हणालो, तुझीच आहे.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं दादा. माझ्या हातनं फुटंल."

ती गेल्यावर मी ताटली तीन बोटांवर तोलली आणि टिचकी मारली. नाद कितीतरी वेळ दुकानात राहिला.