शामरावजींचे पाच किलो

शामरावजी वजन उचलायच्या रॉडवर लोखंडी प्लेटा चढवण्याआधी क्षणभर डोळे मिटत. कुणी ‘नव्वद’ म्हटलं की मनातल्या मनात हिशेब करत आणि दोन्ही बाजूंना पस्तीस-पस्तीस घालून मोकळे होत. खापरखेड्याच्या वीजघरात ते खलाशी, म्हणजे यंत्रांवरचे मदतनीस होते. ड्यूटी आटोपून रोज आमच्या इंदोरा वस्तीतल्या व्यायामशाळेत येत. स्वतः कधी वजन उचललं नाही. आम्ही थट्टा केली तर म्हणत, “तुमी उचला. तुमच्यावर किती घालाचं, ते मी पाहतो.”

नवख्यांना ते एकच सांगत, “पहिले वीस किलोचा रॉड काढ, मंग उरलेल्याचं अर्धं कर. घाई करशीन तं कोनाची तरी कंबर जाईन गा.”

आणीबाणी उठली त्या वर्षी शहरात वजन उचलण्याची स्पर्धा झाली. पहिल्या येणाऱ्याला एका कारखान्यात नोकरी मिळणार होती. घरी बाबा अंथरुणाला खिळलेले. शेवटच्या उचलीत एकशे दहा उचलले की नोकरी माझी होती. वजन लावायला शामरावजीच. तेवढ्यात प्लेटा अडवणारी कडी सैल झाली. आयोजकांनी कड्यांच्या जागी पेचाची नवी कुलपं आणून दिली, एकेक अडीच किलोचं. आमच्या हलक्या कड्या कुणी हिशेबात धरत नसे. शामरावजींनी नेहमीसारखे डोळे मिटले, पंचेचाळीस-पंचेचाळीस चढवले आणि वर कुलपं कसली.

रॉड छातीपर्यंत आला. पुढे काही केल्या जाईना. शेवटी मी तो सोडून दिला.

निकाल पुकारला गेला. कुलपं काढताना शामरावजींचा हात थांबला. कुलूप हातात घेऊन ते तसेच पंचांच्या टेबलापाशी गेले. “साहेब, पाच किलो जास्त होते. चूक माही आहे. पोराले अजून एक चान्स द्या.” पंच म्हणाले, आता निकाल लागला. शामरावजींनी हात जोडले. मी बाहेर निघून गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचं तोंडही पाहायचं नव्हतं.

पुढे मला कन्हानला खाणीत काम मिळालं. राग कधी ओसरला ते कळलंही नाही. शामरावजी व्यायामशाळेत येत राहिले, पण प्लेटेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कुणी हिशेब विचारला तर म्हणत, “दुसऱ्याले विचार गा.”

मरणाच्या आठवडाभर आधी त्यांनी मला बोलावून घेतलं. बोलताना दम लागत होता. “एकशे दहा तुह्याकडून उठलं असतं. मीच तुले पाडलं.”

“नाई, शामरावजी. माहं मनगट पहिलेच गेलं होतं. एकशे दहाही उठलं नसतं.”

हे साफ खोटं होतं. माझ्या अंगात किती ताकद आहे हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं.  ते माझं मनगट हातात घेऊन हळूहळू चोळू लागले.