टीबी माझा, पत्ता भातकुलीचा

सरकारी दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, "राहता कुठे?" अमरावतीत घर असताना मी भातकुलीचा, म्हणजे माझ्या माहेरचा पत्ता ठोकून दिला. मोबाइल नंबरही जुना, बंद पडलेला सांगितला. एकतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेली बाई मी. टीबी असल्याचं कळून तेव्हा पाच मिनिटंही झाली नव्हती.

त्या बाईला, म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या मला, आज समोर उभी करून दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. पण ती ऐकणारी नव्हती.

खोकला तीन आठवड्यांचा झाला होता. आधी हळदीचं दूध, मग मेडिकलवाल्याचं सिरप. संध्याकाळी अंगात कसकस यायची, ब्लाउज सैल होत चालले होते. मी खूश, की फुकटात बारीक होऊन राहिले. शेवटी घराजवळच्या खाजगी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सीबीनॅट करा. सरकारी दवाखान्यात जा."

सीबीनॅट म्हणजे बेडक्याची मशीनवरची तपासणी. टीबीचे जंतू आहेत का आणि नेहमीच्या औषधाला ते दाद देतील का, हे त्यात कळतं. सकाळी उठल्याबरोबर छातीतून खोकून काढलेला बेडका द्यायचा असतो. मी पहिल्या दिवशी नुसती लाळ दिली आणि परत आले. तुम्ही तसं करू नका.

खाजगी डॉक्टरच सरकारात पाठवतात, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. कॉलेजात असताना मी वादविवाद स्पर्धेत टेबलावर मूठ आपटून म्हटलं होतं, सरकारने फक्त सीमा सांभाळाव्या, बाकी सगळं खाजगी लोकांना द्यावं. ढाल मिळाली. पुढे शिक्षिका झाले आणि तीच मूठ आवळून खाजगीकरणाच्या विरोधात मोर्चात ओरडले. माझी शाळा कशी, तर संस्था खाजगी, पगार सरकारी. मी नेमकी कोणाची माणूस, हे निवृत्त होईपर्यंत मला कळलं नाही.

तर पत्ता. सरकारी टीबीवाले घरी येतात, असं ऐकलं होतं. आमच्या गल्लीत कोणाकडे गॅस सिलिंडर आलं तरी चार दारं उघडतात. म्हणून भातकुली. घरी मुलाला आणि सुनेला सांगितलं, ॲलर्जी आहे. नात ओवी तेव्हा तीन वर्षांची, माझ्याच कुशीत झोपायची. तिला वेगळं झोपवलं तर विचारतील कावून, म्हणून तेही केलं नाही. मी फक्त तिचा मुका घेणं बंद केलं. एवढी माझी अक्कल.

मिळालेल्या गोळ्या पर्सच्या तळाशी लपवल्या आणि गुपचूप चांगले उपचार करायचे म्हणून एसटीने अकोल्याला गेले. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "औषध हेच. आणि माझ्याकडे आलात तरी तुमची नोंद सरकारकडे करावीच लागते." मग विचारलं, घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का. मी हो म्हटलं, नात आहे. ते म्हणाले, तिची तपासणी सरकारी केंद्रातून होईल, माणूस घरी येईल. मी मान हलवली. माणूस भातकुलीला जाणार होता.

आणि गेलाच. म्हणजे गेली. नसीम तिचं नाव, केंद्राची कर्मचारी. स्कूटीवर दोनदा माझ्या माहेरी जाऊन आली. तिसऱ्यांदा वहिनीने खरा पत्ता दिला. एकविसाव्या दिवशी ती आमच्या दारात उभी. दार सुनेने उघडलं. ओवी माझ्या मांडीवर होती आणि दोन दिवसांपासून खोकत होती.

सुनेने ओवीला माझ्या मांडीवरून उचललं आणि आत गेली. मला त्या आजारात सगळ्यात जास्त दुखलं ते तेव्हा.

मग ओवीच्या तपासण्या. एक्स-रे सरकारी इमारतीत, पण मशीन चालवणारी कंपनी खाजगी. त्वचेची चाचणी, म्हणजे हातावर थोडं औषध टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी फुगवटा बघतात. ते दिवस मी गॅलरीत एकटी झोपले. झोपले म्हणजे पडले. बालरोगतज्ज्ञ सकाळी सरकारी असतात, संध्याकाळी स्वतःचे. त्यांनी सकाळी सांगितलं, "टीबी नाही. साधी सर्दी आहे. पण प्रतिबंधाच्या गोळ्या पूर्ण द्यायच्या." सून तिथेच बाकावर बसून रडली. मला मात्र तिच्याजवळ बसायची हिंमत झाली नाही.

आता सरकारचे गोडवे गावे, तर तिसऱ्या महिन्यात केंद्रावरच्या गोळ्या संपल्या. बाहेरच्या दुकानात मिळेनात. औषध एक दिवसही चुकवायचं नसतं. तेव्हा अकोल्याच्या खाजगी डॉक्टरांनी त्यांच्या कपाटातून पंधरा दिवसांच्या काढून दिल्या. त्याही सरकारकडूनच आलेल्या. मी कोणाचे आभार मानू, ते सांगा. दोघांचेही मानते, पण डोक्यातला गुंता सुटत नाही.

नसीमला एकदा विचारलं, तू तरी पक्की सरकारी ना? ती हसली. काम सरकारचं, नेमणूक एका संस्थेची, तीही वर्षाच्या बोलीवर. दर मार्चमध्ये तिलाही हाच प्रश्न पडतो म्हणे.

सहा महिन्यांनी माझा बेडका स्वच्छ आला. ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांना एवढंच सांगते. दोन आठवड्यांवर खोकला गेला की तपासा, गोळ्या अर्ध्यात सोडू नका, आणि घरच्यांना पहिल्या दिवशी सांगा. सून आता बोलते माझ्याशी. ओवी माझ्याजवळ बसून पहाडे, म्हणजे पाढे, म्हणते.

शेवटच्या भेटीत नसीमला चहा दिला आणि माझ्यातली ढाल जिंकलेली पोरगी पुन्हा जागी झाली. मी म्हटलं, तू तर दोन्हीकडचं पाहून राहिलीस, तूच सांग, दवाखाने सरकारनं चालवावे की खाजगी लोकांनी? तिने कप खाली ठेवला.

"काकू, ते तुमी शिकलेले लोक ठरवा. पण ओवीचे एकवीस दिवस सरकारनं नाई खाल्ले, अन् प्रायव्हेटनंबी नाई खाल्ले. ते तुमी खाल्ले."