रुमालाखालचा शब्द

माझा एक मित्र बोटीवर नोकरीला होता. एका पावसाळ्यात तो मोठ्या रजेवर आला तो परदेशातून एक खेळ घेऊन. एक पुस्तक, वीस बाजूंचे फासे, बाकी सगळं बोलण्यावर. इंग्रजीतून वाचून तो आम्हाला मराठीत एक राज्य सांगायचा आणि आम्ही त्यातली माणसं व्हायचो. दर रविवारी दुपारी, भाट्याला त्याच्या पडवीत. हायस्कूलातले एक मास्तर राजपुरोहित झाले, बँकेतला एक कारकून सेनापती. मी आंब्याचा दलाल, सातवीत शाळा सुटलेला. मी व्यापारी झालो. "तुला दुसरं काय जमणार?" कारकून म्हणाला.

राजा मरायला टेकलेला, वारस नाही. कारभारी कोण, हे पाच जणांच्या दरबारात हात वर करून ठरायचं होतं. ती जागा सेनापतीला हवी होती आणि मलाही. खोटी तर खोटी, पण मास्तर आणि कारकून मला 'कारभारी' म्हणणार होते. एरवी मला कुणी अहो म्हटलं तर समजावं, याला आंबा विकून हवाय. मिठाचा मक्ता देऊन मी बंदराचा सरदार फोडला. त्याच्या वतीने मित्रच बोलायचा, त्याला मी घाम फोडला. गडाचा सरदार सेनापतीचा भाऊ, तो तिकडेच जाणार. दोघे इकडे, दोघे तिकडे. राहिले मास्तर.

त्यांना देवळासाठी गावं हवी होती. किती, हे सेनापतीसमोर कसं बोलणार? मी आमच्या बाजाराची रीत काढली. हातावर रुमाल टाकला आणि खाली त्यांची तीन बोटं दाबली. त्यांनी माझी पाच दाबली. चारवर जमलं. असा ठरलेला सौदा आमच्यात कुणी फिरवत नाही. फिरवणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

दरबाराच्या रविवारी मास्तरांनी सेनापतीसाठी हात वर केला.

"मास्तर, शब्द दिलात तुम्ही!"

"मी नाही रे बाबा, पुरोहिताने दिला. तो पक्का लबाड आहे."

कारकून पोट धरून हसला. "राज्य म्हणजे आंब्याची पेटी वाटली काय रे तुला?"

मी फासे उचलून अंगणात भिरकावले. मग कळलं की मित्राला हे आठवडाभर आधीच ठाऊक होतं. मास्तरांनी त्याला विचारलं होतं, असा शब्द मोडलेला चालतो का. "पुस्तकात बंदी नाही," तो मला म्हणाला. पुस्तकात रुमालच नव्हता. तो मी आणला होता.

दोन दिवसांनी तो समजूत काढायला आला. मी अट घातली, मास्तरांनी सगळ्यांसमोर माफी मागावी. तो गेला, निरोप घेऊन परत आला.

"तयार आहेत. पुरोहित भर दरबारात व्यापाऱ्याची माफी मागेल."

"आणि मास्तर माझी?"

"खेळातलं खेळात मिटव ना रे!"

"मग त्या व्यापाऱ्यालाच सांग जाऊन. तुझ्याच पडवीत बसलाय तो."

त्याची रजा संपेपर्यंत ते तिघे खेळत राहिले. मी गेलो नाही.

दोन वर्षांनी मिरकरवाड्याला मासे घेताना कारकून भेटला. न राहवून विचारलं, "शेवटी गादीवर कोण बसलं?"

"कुठली गादी? हां, ते होय! कोण लक्षात ठेवतंय?" तो खरंच विसरला होता. मग मासेवालीकडे मान वळवून म्हणाला, "बरा भेटलास. हिच्याशी जरा तू बोल. तुला जमतं ते."

मी बोललो. सुरमईचा भाव चांगला उतरवून दिला. पिशवी भरून तो निघून गेला आणि मी तिथेच, स्वतःला शिव्या घालत उभा राहिलो.