खेचराची म्होरकी

आमच्या आंजी (मोठी) येथील बसथांब्याजवळ एक संगमरवरी फलक आहे. गावच्या माजी सैनिकाने एकाहत्तरच्या युद्धात शत्रूशी समोरासमोर झुंज दिली आणि पायात गोळी घेऊनही माघार घेतली नाही, असे त्यावर कोरलेले आहे. त्या मजकुरात माणूस तेवढा खरा आहे. बाकी सारे खोटे आहे, आणि हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. तीस वर्षे माझी त्याची उठबस होती. फलक लावणाऱ्यांपैकी कुणी त्याच्या ओट्यावर घटकाभर बसल्याचे मला आठवत नाही.

तो सैन्यात खेचरांच्या तुकडीत नाईक होता. जिथे गाडी जात नाही आणि माणसाच्या पाठीला ओझे पेलत नाही, अशा चौक्यांवर खेचरे दारूगोळा आणि पाणी पोचवीत. बर्फाच्या उतारावर त्याचे खेचर घसरले. त्याच्या तोंडाला बांधलेल्या पट्ट्याची, म्हणजे म्होरकीची, हातातली पकड सोडली असती तर हा वाचता. त्याने सोडली नाही. दोघेही खाली गेले, खेचर त्याच्या पायावर पडले आणि तिथेच मेले. मोडल्या पायाने त्याने खेचराच्या पाठीवरचे पाण्याचे डबे सोडवले, मागून आलेल्यांच्या हवाली केले, आणि पाणी चौकीवर पोचले. घरी येताना त्याने वरिष्ठांकडून एकच वस्तू मागून आणली. ती चामड्याची म्होरकी.

दर पोळ्याला तो ती तेल लावून मऊ करी आणि बैलांच्या रांगेत, तोरणाखाली, हातात धरून उभा राही. शेजारी सजवलेल्या जोड्या, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. आणि याच्या हातात रिकामी म्होरकी. लोक हसत.

“मेजर, तुमचा बैल दिसून नाई राह्यला! उद्या पोरांच्या तान्ह्या पोळ्याले येजा, लाकडाचा देतो एक!”

“मेजर नोका म्हणू, नाईक म्हणा,” एवढेच तो बोले. पोळा फुटून रांग सुटली की बैलांमागून घरी जाई. दारात त्याची बायको बैलाच्या खुरांवर ओतावे तसे त्या म्होरकीवर पाणी ओती.

हसणारे तेच लोक कारगिलनंतर एकाएकी देशभक्त झाले. प्रत्येक गावाला आपला एक वीर हवा होता, आणि आमच्या गावाला आयताच मिळाला, कारण पुढच्याच वर्षी आषाढात तो वारला. अंत्ययात्रेत ट्रॅक्टरवर लाउडस्पीकर होता. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने कापडावर त्याचे चित्र काढले: खांद्यावर तीन तारे, कमरेला पिस्तूल. दंडावरच्या दोन फितींचा ज्याला अभिमान होता त्याला गावाने मरणोत्तर बढती दिली!

तेराव्याला त्याच्या घरासमोर शोकसभा भरली. सरपंचांनी सात शत्रू मारले. त्यांच्यानंतर बोलणाऱ्याने अकरा. फलकाचा मसुदा वाचून दाखवला गेला, टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढेही या गावाला कुणी शिकवले नाही. आणि मी या गावात चौतीस वर्षे शिक्षक होतो.

आता जे लिहितो ते लिहायला मला आवडत नाही. ती गोळी माझी आहे. नव्वदनंतरच्या कुठल्याशा स्वातंत्र्यदिनी मी मुख्याध्यापक या नात्याने त्याला शाळेत पाहुणा म्हणून बोलावले. खरी हकीकत मला ठाऊक होती. पण खेचर म्हटले की पोरे खिदळतील, समारंभाची शोभा जाईल, असे मला वाटले. म्हणून मी माइकवर सांगितले, “शत्रूच्या गोळीने यांचा पाय जायबंदी झाला.” चहाच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “गोळी कुठून आणली जी गुरुजी?” पुढच्या वर्षी दुरुस्त करतो, असे मी म्हणालो. केले नाही. शेवटच्या आजारपणात त्याने पुन्हा विषय काढला.

“मी मेल्यावर तरी खरं सांगजा. त्या जनावरानं पाणी नेलं. मी नुसता दोरी धरून होतो.”

मी शब्द दिला होता. म्हणून सभेत उठलो आणि सगळे सांगितले: खेचर, उतार, डबे, आणि गोळी कुणी झाडली तेही.

मग सरपंच माइककडे वाकले. “गुरुजीचं आता वय झालं, लोकहो. मित्र गेल्याचा धक्का बसला त्याईले.”

नाईकाचा मुलगा मात्र उसळला. हा मुलगा वर्ध्याला नोकरी करतो आणि पिपरी मेघेत राहतो. बापाच्या म्होरकीची त्याला लहानपणापासून लाज.

“काऊन बापाची इज्जत घालवून राह्यले जी? खच्चर हाकत होता असं लिहाचं का दगडावर?”

“हेच लिही,” मी म्हणालो. “तुझ्या बापाला त्याची लाज नव्हती.”

“मंग तुम्हीच न्या तो पट्टा!” घरात जाऊन त्याने ती म्होरकी आणली आणि माझ्या पुढ्यात टाकली. फलक महिन्याभरात लागला, मजकुराचा काना-मात्राही न बदलता.

पोळ्याच्या दिवशी मी म्होरकीला तेल लावले आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. धोतर, टोपी, चष्मा, आणि हातात रिकामा पट्टा. ज्यांना मी पाढे शिकवले ते तोंड फिरवून हसत होते. सरपंचांची जोडी माझ्या शेजारीच होती.

“गुरुजी, बैल कुठी हाय?”

“बैल नाही. खेचर आहे. आणि ते तुमच्या भाषणापेक्षा जास्त ओझे वाहून गेले आहे.”

पोळा फुटला. मी बैलांमागून त्याच्या घराच्या गल्लीत वळलो. त्या घरात दुखवट्यामुळे यंदा सण नव्हता, चुलीवर पुरण नव्हते, दाराला तोरण नव्हते. मुलगा आत खुर्चीवर पेपर वाचत होता. त्याची आई मात्र पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“लय उशीर केला जी गुरुजी,” ती म्हणाली.

मी आयुष्यभर लोकांच्या चुका काढत आलो. या वाक्यात मला काढता आली नाही. मी दोन्ही हातांनी म्होरकी पुढे धरली आणि तिने तिच्यावर पाणी ओतले.