बांधीतला तंबू

२४ डिसेंबर २००९, गुरुवार. दुपारी दवाखान्यातून घरी आले आणि जेवायच्या आधी मुलीची गोधडी उसवायला घेतली. एका बाजूचे टाके मोकळे केले, दोन थरांच्या मध्ये सव्वा मीटर रबरी कापड सरकवलं आणि परत शिवून टाकली. दवाखान्यात पलंगावर घालतात ना, तसलं लाल कापड. बाजारातून विकत आणलं होतं. टाके जुन्या रेषेवरच घातले, बाहेरून कुणाला कळू नये म्हणून.

मुलगी आठ वर्षांची होती आणि अजून अंथरूण ओलं करायची. आठवड्यातून तीनदा तरी. मी नर्स आहे, अशी मुलं पुष्कळ पाहिलेली, आणि वयाबरोबर हे सुटतं हे मला ठाऊक होतं. तिला त्याचा काही उपयोग नव्हता. तिचा भाऊ चार वर्षांचा आणि तो कोरडा, याचाच तिला जास्त राग. गोष्ट आमच्या चौघांच्या आणि आजीच्या बाहेर गेलेली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी आम्ही तंबू घेऊन एका रात्रीसाठी बाहेर पडणार होतो आणि बरोबर नवऱ्याची भाची येणार होती. नागपूरची, नऊ वर्षांची, तोंडाची तेज. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचा मुलगा खेळताना नालीत पडला. तिने त्याला ‘नालीकुमार’ म्हटलं. ती सुट्टी संपवून नागपूरला गेली, पण नाव गल्लीत राहिलं. आता त्याची आईसुद्धा रागावली की त्याला तेच म्हणते.

‘‘मी नाही येत,’’ मुलगी म्हणाली. ‘‘तुम्ही जा. मी आजीकडे राहते.’’

आजी म्हणजे माझी आई, सिहोऱ्याला, धानाच्या मुलखात. तिच्या बाबांनी शाळेतून स्काउटचा तंबू आणला त्या दिवसापासून हीच पोरगी रोज त्यावर बसून जेवत होती. मी तिच्यासमोर गोधडी अंथरली आणि म्हटलं, झोपून बघ. ती झोपली, या कुशीवरून त्या कुशीवर वळली.

‘‘आवाज येते.’’

‘‘तंबूत खाली धानाचं तनीस अंथरलेलं राहील. तनसाचा आवाज याच्यापेक्षा जास्त.’’

‘‘अन् सकाळी?’’

‘‘मी सगळ्यांच्या आधी उठते. गुंडाळून गाडीत टाकते. तू फक्त माझ्याजवळ झोप.’’

तिने जरा विचार केला. ‘‘आई, तिले नको सांगजो हं.’’

‘‘मला दुसरी कामं नाहीत का?’’

ती उठली आणि आपली बॅटरी शोधायला गेली. म्हणजे येणार होती.

सकाळी भंडाऱ्याच्या बसस्टँडवरून भाचीला घेतलं आणि निघालो. आमची व्हॅन जुनी, मागच्या सीटवर तीन मुलं, त्यांच्या मागे तंबू, गोवऱ्या, भाजीला पितळेचा गंज, वांगी आणि पानग्यांची कणीक. लाखनीपर्यंत मुलाने चार वेळा विचारलं की जंगल आलं का. भाचीने दर वेळी ‘‘आलं, उतर,’’ असं सांगितलं आणि दर वेळी तो चपला घालू लागला. साकोलीला चहा आणि आलुबोंडे खाल्ले. नवऱ्याने तिथे शिट्टी वाजवून सगळ्यांना गाडीत बसवलं. स्काउटचा मास्तर असल्याने त्याच्या गळ्यात शिट्टी असतेच, सुट्टी असो नाहीतर लग्न. हॉटेलवाल्याला वाटलं पोलीस आले.

सानगडीच्या पुढे नवऱ्याच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या काकांचं शेत होतं, तलावाला लागून. आमच्याकडचे जुने तलाव असतात तसाच. मोठी मातीची पाळ, आणि पाळीखाली उताराने पायऱ्यांसारख्या धानाच्या बांधी, प्रत्येकीला चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध. धान कापून झालं होतं. काका पाळीवर उभे होते.

‘‘जय भीम गुरुजी, जय भीम बाई. टाका तंबू कुठी बी. पुरी जागा तुमचीच हाय. सकारी मी गव्हाले पानी सोडतो, तेवढंच.’’

‘‘सोडा की,’’ मी म्हटलं. गहू तीन बांध्या पलीकडे हिरवा दिसत होता. त्याला पाणी दिलं तर आमचं काय जाणार होतं?

नवऱ्याने तंबूसाठी मोहाच्या झाडाखालची उंच जागा निवडली. मी जाऊन बघितली. खडे, मुळं आणि मुंगळे.

‘‘इथं पोरांच्या पाठी सोलून निघतील,’’ मी म्हटलं. ‘‘ती बांधी बघा. हातावर घेतल्यासारखी सपाट. चारी बाजूंनी धुरा, वारा लागायचा नाही. तनीस जाग्यावर.’’

‘‘पुस्तकात उंच जागा लिहिली आहे.’’

‘‘पुस्तक लिहिणारा बांधीत झोपला होता का? मी धानाच्या घरची आहे. तुम्ही भंडाऱ्याचे, तुम्हाला धान पोत्यातला माहीत.’’

भाची हसली. ‘‘मामा, तुमची बोलती बंद!’’

मामाची बोलती खरंच बंद झाली आणि तंबू बांधीत लागला. वरच्या अंगाचा धुरा एका ठिकाणी हातभर कापलेला होता. मला वाटलं, जायला-यायला असेल. तंबूचं तोंड मी बरोबर त्या खाचेसमोर करवून घेतलं. आयतंच दार मिळालं म्हणून मला बरं वाटलं होतं, हे आजही आठवतं.

संध्याकाळ फार छान गेली. मुलं पाळीवरून तनसाच्या ढिगात उड्या मारत होती. मुलगा प्रत्येक उडीला ‘‘जंगल आलं’’ असं ओरडायचा. नवऱ्याने गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर पानगे लावले, मी गंजात वांग्याची भाजी टाकली. एरवी अर्धी पोळी खाणारी भाची पाच पानगे तूप लावून खाऊन बसली आणि वर मला विचारलं, ‘‘मामी, घरी काहून असे नाही होत?’’

‘‘घरी गोवऱ्या पेटवल्या तर घरमालक येईल.’’

मुलीने दुपारी चारपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मी तिला दोनदा पेला दिला, दोनदा तिने तो मागे सारला. भाचीची नजर होतीच.

‘‘काहून पाणी नाही पिऊन राहिली तू?’’

‘‘तहान नाही.’’

‘‘दुपारपासून नाही पिली. मामी, ही उंट आहे! ए उंट, आण तुझा पेला, मी पिते.’’

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला एवढं खूश झालेलं मी त्या दिवसात बघितलं नव्हतं. उंट म्हणजे फारच स्वस्तात सुटलं.

आठ वाजता तिघांनाही बॅटरी घेऊन धुऱ्यापलीकडे नेऊन आणलं आणि झोपवलं. कडेला मी, मग मुलगी, मग मुलगा, मग भाची, दाराशी नवरा. तनसाचा असा आवाज होत होता की रबराचा आवाज मला स्वतःला ऐकू आला नाही.

पहाटे माझा हात ओल्यात पडला. तंबूच्या कापडातून जरासं उजाडलेलं दिसत होतं.

मनात पहिलं आलं ते, झालं. चादर ओढायची, तिला उचलायचं, भाची उठायच्या आत गाडीपर्यंत जायचं, एवढं सगळं मी डोळे उघडायच्या आत ठरवलं होतं. मग लक्षात आलं की ओल गार आहे. लेकराने केलेलं ऊन असतं. हे बर्फासारखं गार होतं, आणि माझ्या कोपरापासून पायापर्यंत सगळीकडे होतं, आणि हलत होतं.

तेवढ्यात नवऱ्याने शिट्टी फुंकली. तो दाराशी होता, त्याच्या अंगाखालून पाणी आत येत होतं, आणि झोपेत त्याला एवढंच सुचलं. त्या शिट्टीने तिन्ही मुलं एकदम उठून बसली.

‘‘तलाव आला! तलाव आला!’’ मुलगा नाचायला लागला. तनसात रुतलेल्या त्याच्या पायांना घोट्यापर्यंत पाणी होतं. माझ्या गोधडीत मुरलेलं पाणी पिळून काढलं असतं तर बादलीभर झालं असतं.

मी मुलीला उचलायला वाकले. ती गोधडीवर ताठ बसून होती.

‘‘आई, हात लाव,’’ ती हळूच म्हणाली.

मी हात लावला. खालचा थर तनसाबरोबर पाण्यात होता, कडा भिजायला लागल्या होत्या, पण वर, ती झोपली होती तिथे, गोधडी कोरडी होती. पाणी खालून रबरापर्यंत येऊन थांबलं होतं. आणि वरून काहीच आलेलं नव्हतं.

‘‘बरं,’’ मी म्हटलं. ‘‘चपला शोध.’’

सगळे धुऱ्यावर चढलो. भाची कमरेपर्यंत भिजलेली, दात वाजत होते. मुलाला मजा वाटत होती, पण तोही ओला होता. तिघांचे कपडे बदलले आणि अंगावर टाकायला कोरडं काही आहे का ते पाहिलं. एकच गोष्ट होती. मुलीची गोधडी वरची बाजू आत करून तिघांभोवती गुंडाळली आणि त्यांना एका गठ्ठ्यासारखं मोहाच्या झाडाखाली बसवलं. नवऱ्याने झाडाकडे एकदाच बघितलं आणि मुलाच्या चपलांतलं पाणी झटकायला लागला. ते त्याने फार चांगलं केलं.

भाचीची बोटं गोधडीत फिरायला लागली. मला ते दिसत होतं.

‘‘मामी, हे करकर करून राहिलं. आत काय आहे?’’

इंजेक्शन घ्यायला आलेल्या माणसांशी मी वीस वर्षं खोटं बोलत आले आहे, दुखणार नाही म्हणून. त्या सकाळी एकही खोटं मिळेना. मुलगी भाचीला चिकटूनच बसली होती. तिने माझी वाट पाहिली नाही.

‘‘रबर आहे,’’ ती म्हणाली.

‘‘गोधडीत रबर? काहून?’’

‘‘बांधीत पाणी येते ना. आईले माहीत असते. आई धानाच्या घरची आहे.’’

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘हो तर,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणून तर तिने तंबू तिथं लावायला लावला.’’

मी गोधडीची कड आत खोचली.

भाचीला मात्र हिशेब जुळेना. ‘‘मग मामी, सगळ्यांच्याच गोधडीत काहून नाही टाकलं?’’

‘‘कापड पुरलं नाही,’’ मी म्हटलं. सव्वा मीटरच आणलं होतं, तेव्हा हे खरंच होतं.

काका खांद्यावर फावडं घेऊन धुऱ्यावरून आले. पाण्यात उभा तंबू पाहिला आणि जागेवर थांबले.

‘‘अरे बाप्पा! बांधीत झोपले तुमी? मी तं सांगतलो होतो, सकारी तुडूम उघडतो म्हणून.’’ तुडूम म्हणजे तलावाचं पाणी खाली सोडायची मोरी.

‘‘तुम्ही गहू म्हणाले होते,’’ मी म्हटलं. ‘‘गहू तिकडे आहे.’’

‘‘अवं बाई, पानी बांधी-बांधीनंच जाते नं! धुऱ्याले खाच कायले पाडली मी? तुमी कुठच्या?’’

सांगणं भाग होतं. ‘‘सिहोऱ्याची.’’

काकांनी फावडं खाली ठेवलं आणि त्याच्यावर टेकून हसले. ‘‘सिहोऱ्याच्या, अन् पान्याच्या दारात तंबू!’’ मग फावड्याने खाच बुजवली, अजूनही हसत, आणि घराकडे चहा सांगायला गेले. जाताना वाटेत भेटलेल्या माणसाला त्यांनी हे सांगितलं, तो माणूस वळून आमच्याकडे बघायला आला. दहा वाजेपर्यंत पाच-सहा जण येऊन गेले. एक म्हातारी तर मला बघायलाच आली होती.

काकूंनी चहा आणि तांदळाचे घावन पाठवले. मी तंबू सोडवून सगळी अंथरुणं धुऱ्यावर ओळीने वाळत घातली. ऊन चांगलं कडक होतं. मुलं पाण्यात पत्रावळीच्या होड्या सोडत होती, कारण बांधीत आता बोटभर पाणी साचलेलं होतं आणि त्यांच्या मते ते आम्ही खास त्यांच्यासाठी करून घेतलं होतं. मुलगी मध्येच पळत आली, पेला भरून पाणी प्यायली, परत भरला, परत प्यायली. तिसऱ्याला भाची ओरडली, ‘‘बघा मामी, उंट!’’

‘‘हो, मी उंट आहे,’’ मुलगी म्हणाली आणि चौथा भरला.

दुपारी निघालो. काका पाळीवरून म्हणाले, ‘‘पुढच्या साली परत या, मी तुडूम बंद ठेवतो.’’ मी म्हटलं, पुढच्या साली झाडाखाली झोपू. नवऱ्याने शिट्टी वाजवली, फार लांब वाजवली.

संध्याकाळी भंडाऱ्याला बसस्टँडवर भाचीचे बाबा तिला न्यायला आले होते. ते नवऱ्याशी बोलत असताना तिने माझा हात धरून मला पेपरच्या दुकानाच्या आडोशाला नेलं. नेहमीचं तोंड नव्हतं.

‘‘मामी, मले बी एक तसली गोधडी शिवून देजो. रबरवाली.’’

‘‘बरं.’’

‘‘पण बाबांजवळ नको देऊ. तूच आणजो. अन् कोणाले सांगजो नको.’’

नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बांधीतलं पाणी कुठून येणार, हे मी विचारलं नाही. तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत नजरेने माप घेतलं आणि म्हटलं, ‘‘सव्वा मीटर पुरेल तुला.’’ ती हसली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून तिने माझ्या मुलीला ‘‘ए उंट!’’ अशी हाक मारली, आणि मुलीने तिला हात हलवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहा झाल्यावर मी बाजारात जाऊन लाल रबरी कापड आणलं, एक जुनी गोधडी काढली आणि ओसरीत उसवायला बसले. मुलगी येऊन शेजारी बसली. त्या सकाळी तिचं अंथरूण ओलं झालं होतं, ते दोरीवर वाळत होतं, आणि आज ती त्याबद्दल रडली नव्हती.

‘‘ही कोणाची?’’

‘‘दवाखान्यासाठी.’’

तिने गोधडीकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुई घेतली, ओवली, दोऱ्याला गाठ मारून माझ्या हातात दिली.

‘‘जुन्या टाक्यावरूनच घाल आई,’’ ती म्हणाली. ‘‘बाहेरून दिसत नाही.’’