वन्संची नवी नळी

मंगळवार, ९ फेब्रुवारी. सकाळी नळाला पाणी बारीक. दुपारी पडदे धुतले. संध्याकाळी वन्सं चपला न काढताच आत आल्या आणि म्हणाल्या, "ते अजून तिथेच आहे."

ते म्हणजे सिलिकॉन. माझ्या या नणंदेने सारा जन्म प्रयोगशाळेत काढला. लग्न केलं नाही. मात्र आमच्या लग्नात मीठ कमी पडल्याचं अजून ऐकवतात. सध्या त्यांचा जीव एका प्रयोगात आहे. रेणूला सिलिकॉन जोडायचं आणि द्रावणातून वीज सोडायची. सिलिकॉनमुळे रेणू आपला इलेक्ट्रॉन चटकन देतो, मग सिलिकॉनने तुटून निघून जायचं. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं, असं त्यांनी मला भाजी चिरताना समजावलं. माझी सुरी थांबली तर त्यावरही रागावल्या. आता प्रयोगानंतरच्या तपासणीत हा मध्यस्थ काही केल्या पानावरून उठेना.

दोष कुणाचा, हे वन्संनी नेहमीप्रमाणे आधीच ठरवलं होतं. काचसामान धुणाऱ्या बाईंनी सांध्यांना ग्रीस लावलं, त्यातलंच हे सिलिकॉन. त्या बाई शपथेवर नाही म्हणत होत्या. वन्सं थेट साहेबांकडे गेल्या. साहेबांनी बाईंची गावाबाहेरच्या गोदामात बदली केली, उद्यापासूनच. बाईंची आई अंथरुणाला खिळलेली. तिला दुपारी भरवायला त्या घरी जातात. गोदामातून ते जमणं शक्य नाही. हे सगळं मला वन्संनीच सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात.

आज बाईंची चूक सिद्ध करायची म्हणून वन्संनी सगळी काच स्वतः घासली, ग्रीसचं बोट लागू दिलं नाही, आणि सिलिकॉनचा पदार्थ न घालता नुसत्या द्रावणातून वीज सोडली. सिलिकॉन पुन्हा हजर. मग राहिली एकच वस्तू, आत वायू सोडायची मऊ नवी नळी. सिलिकॉनचीच होती. ती कौतुकाने निवडून वन्संनीच बसवली होती.

"नळीचं कुणाला कळणार आहे, वहिनी? गुपचूप बदलते."

"आणि बदली?"

"ती साहेबांनी केली."

या घरात मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे. पण आज माझं डोकंच फिरलं. "वन्सं, फोन त्या कोपऱ्यात आहे. तुम्ही करता की मी करू?"

त्यांनी केला. आधी नळी विकणाऱ्याला नावं ठेवली, मग हवेबद्दल बोलल्या. मी समोरून हलले नाही. शेवटी एकदाचं म्हणाल्या, "साहेब, ग्रीस नव्हतं. नळी माझी होती. बाईंना गोदामात पाठवू नका." पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवून म्हणाल्या, "नाही पाठवत. पण माझंच डोकं खाल्लं त्यांनी."

मी गॅसकडे धावले.

फोनच्या नादात भाजी करपली. पातेलं भिजत घातलं आहे.